मी बंद केलेला पहारा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नव्हतं. मी बाहेर भजी खाऊन आलो तर ते तिला माझ्या जिना चढण्यावरून कळायचं. पण हे तिला कळलं नाही. ती मला चांगला माणूस समजूनच गेली. नंतर एकदा मुलाला सांगायचं ठरवलं. तो परदेशात, फोनवर. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर मी थांबलो, तर त्यानं विचारलं, बाबा, आवाज असा का येतोय? मी म्हणालो, घसा बसलाय. आणि फोन ठेवून खरंच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसलो. कुणाला पटवायला? घरात तर कुणीच नव्हतं.

तेव्हा तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी कॉम्प्युटरवाले आजोबा म्हणून प्रसिद्ध आहे. कुणाचा फोन अडकला, कुणाचा पासवर्ड हरवला की माझी बेल वाजते. काम झालं की म्हणतात, आजोबा, तुम्ही त्या काळात हिंजवडीत होतात म्हणजे कमालच. मग मी चहा टाकतो आणि हिंजवडीच्या गोष्टी सांगतो — काचेच्या इमारतीला लागून ऊस कसा उभा होता, कंपनीच्या बससमोर म्हशी कशा आडव्या यायच्या. लोक हसतात. या गोष्टी मी छान सांगतो. एक सोडून.

मी मूळचा कारखान्यातला. भोसरीच्या एका कारखान्यात होतो. तिथे कॉम्प्युटरचं खातं निघालं तेव्हा साहेबांनी मला तिकडे ढकललं, कारण मी भांडत नसे. पुढे बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला, कारखाना आकसत गेला आणि एक दिवस आम्हाला स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. पन्नाशी जवळ आलेली. मी क्लास लावला, मुलाच्या वयाच्या पोरांत बसून पुन्हा शिकलो आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत कसाबसा शिरलो. परदेशातल्या कंपन्यांचे सर्व्हर पुण्यात बसून सांभाळायचे, असं काम. समोर सगळे मला सर म्हणत. पाठीमागे काका. मला दोन्ही ऐकू यायचं. आपल्याला इथून कधीही उठवतील, असं रोज वाटायचं.

हे का सांगतोय? सबब म्हणून नाही. माझी भीती किती जुनी होती ते कळावं म्हणून — नाही, तीही सबबच झाली. खोडलं समजा.

काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक सर्व्हरवर पहारा असतो. माणसाचा नाही, नियमांचा. त्यांना आम्ही पॉलिसी म्हणायचो. डिस्क भरत आली तर कळव, ही एक पॉलिसी. अमुक प्रोग्रॅम बंद पडला तर कळव, ही दुसरी. मशीन जिवंत आहे का ते बघत राहा, ही आणखी एक. काही बिघडलं की आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल पट्टी उमटे आणि ड्यूटीवर असेल तो धावे. पण आपणच दुरुस्तीला हात घातला की हेच पहारेकरी उगाच बोंब मारत सुटतात. म्हणून कामाआधी त्यांना गप्प करायचं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची — सर्व्हरचं नाव, पॉलिसीचं नाव, डिसेबल. एंटर. काम संपलं की तीच ओळ, फक्त डिसेबलच्या जागी एनेबल. एंटर. यात अवघड काय आहे? काहीच नाही.

पॉलिसीच्या नावाच्या जागी ‘ऑल’ लिहिलं की सगळ्या एकदम गप्प होतात. आम्हाला सांगितलेलं होतं की असं करायचं नाही, लागेल तेवढीच बंद करायची. मी ऑल लिहायचो. तेवढंच टाइप करणं वाचायचं. आणि आणखी एक — पॉलिसी बंद असली की पडदा शांत राहतो. सगळं नीट चाललेलं असतानाही तो शांतच असतो. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

सुजाता मेश्राम आमच्याकडे आली तेव्हा नुकतीच इंजिनिअर झालेली होती. भंडाऱ्याकडची. वडील कारखान्यात फिटर, घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. वाकडला हॉस्टेलवर राहायची. मला ती समोर सर म्हणे आणि पाठीमागेही सरच म्हणे. हे मला दुसऱ्यांनी चेष्टेच्या सुरात सांगितलं होतं. कुठलंही काम झालं की ती ते एकदा पुन्हा बघायची आणि मग निर्धास्त होऊन डबा उघडायची. पोरं म्हणायची, सुजाता मॅडम कुकरची शिट्टी झाली तरी झाकण काढून भाताला विचारतात, झालास का रे? ती हसायची. तिला त्याचं काही वाटत नसे. स्वतःवर विश्वास असलेल्या माणसाला चेष्टा लागत नाही — तेव्हा तिचा होता.

त्या दिवशी दुपारी मी एका सर्व्हरवर काम करत होतो. एका परदेशी कंपनीचा. त्यांच्या गोदामातला माल कुठल्या गाडीत चढायचा ते ठरवणारा. मी ऑल लिहून सगळ्या पॉलिसी बंद केल्या, काम केलं आणि मग मशीन जिवंत आहे का ते बघणारी एकच चालू करून पाहिली. ती नीट लागली. बाकीच्या करणारच होतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बस लागली. त्या काळी हिंजवडीहून कंपनीची बस चुकली की सहा आसनी रिक्षात मांडीला मांडी लावून, दोन ठिकाणी उतरून, मग पुढची बस शोधत घरी जायचं. मी समोरचा पडदा बंद केला आणि डबा पिशवीत टाकला.

दुसऱ्या पाळीला सुजाता होती. आमच्याकडे पाळी बदलताना जाणारा तोंडी सांगे आणि येणारा मान डोलवे. वयानं मोठ्या माणसाचं काम त्याच्यासमोर तपासणं बरं दिसत नसे. मी म्हणालो, सगळं चालू आहे, बसा.

तिनं विचारलं, "सर, पॉलिसी सगळ्या परत लागल्यात ना? मी एकदा बघून घेऊ?"

तिला बघू दिलं असतं तर — एका ओळीचं काम होतं. पण आजूबाजूला पोरं उभी होती, ऐकत होती. मी म्हणालो, "बघा की. आम्ही आपले इथे माशा मारायला येतो."

सगळे हसले. टोमणा जमून आला की मारणाऱ्याला बरं वाटतं, मलाही वाटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. तसं नाही, सर, असं काहीतरी पुटपुटली आणि खुर्चीत बसली. बघितलं नाही.

आता जे लिहितो ते मी स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केलेलं नाही. इतकी वर्षं मी मनात म्हणत आलो की मी विसरलो होतो. विसरणं माणसाला शोभतं. वयाला तर शोभतंच. पण मी विसरलो नव्हतो. बाणेरच्या आसपास, बस सिग्नलला उभी असताना, मला लख्ख आठवलं — बाकीच्या पॉलिसी बंदच आहेत. खिशात फोन होता. तेव्हा नवीनच घेतलेला, दाखवत फिरायचो. काढायचा आणि सुजाताला सांगायचं, एवढंच. पण जिला आत्ताच चारचौघांत गप्प बसवलं तिलाच फोन करून काय म्हणायचं? की तू म्हणत होतीस ते बरोबर होतं? मी फोन खिशातच ठेवला. उद्या सकाळी जाऊन चालू करू, म्हटलं. एका संध्याकाळीत काय होतंय?

डिस्क भरली. ते होतं एका संध्याकाळीत. डिस्क भरली, डेटाबेस थांबला, आणि ज्या पॉलिसीनं ओरडायचं ती मी गप्प केलेली होती. मशीन जिवंत होतं, एवढं मात्र पडदा इमानानं दाखवत राहिला. तिकडे त्यांची दुपार. गोदामाच्या दारात गाड्या खोळंबल्या. आमच्या धंद्यात एकच गोष्ट लाजिरवाणी मानत — बिघाड आपल्याआधी गिऱ्हाइकाला कळणं. त्यांचा फोन आला तेव्हा सुजाता समोर बसून त्या शांत पडद्याकडेच बघत होती. मग तिनं धावाधाव करून सगळं मोकळं केलं, पॉलिसी चालू केल्या. एकटीनं. मी घरी जेवून बातम्या बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे मीटिंगच्या काचेच्या खोलीत बसलो. केदार नावाचा आमचा मॅनेजर होता, माझ्यापेक्षा खूप लहान. वाईट नव्हता, पण त्याला वर एक नाव कळवायचं होतं. सर्व्हरवर टाइप केलेल्या ओळी त्यानं पडद्यावर लावल्या. त्यात ती ओळ होती. शेवटी ऑल, डिसेबल. पण आम्ही सगळे एकाच लॉगिननं काम करायचो — करायचं नसतं, सगळीकडे करतात — त्यामुळे ओळीपुढे ना नाव, ना वेळ. आणि त्याच संध्याकाळी सुजातानंही त्या मशीनवर एका किरकोळ कामासाठी एक पॉलिसी बंद करून पुन्हा लावली होती. तिच्याही ओळी तिथेच होत्या, माझ्या ओळींच्या शेजारी.

केदारनं आधी मला विचारलं, "सर, तुम्ही निघताना सगळं चालू करून निघालात ना?"

"हो," मी म्हणालो.

ते तोंडातून बाहेर पडल्यावर मी वाट बघत राहिलो. आता सुजाता म्हणेल की मी विचारलं होतं, बघून घेऊ का, आणि सरांनी बघू दिलं नाही. आदल्या दिवशी हसलेली पोरंही तिथेच बसलेली, टेबलाकडे बघत. कुणी काही बोललं नाही. सुजाताही नाही. का बोलली नाही? माझा मान राखायला. दुसरं काय असणार? ती त्या ओळीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. संशयानं नाही हो — ते तरी सोपं गेलं असतं. शाळेत गणित अडलं की मूल मास्तरांकडे बघतं, तशी.

"सर, हे माझ्याकडूनच झालं असेल का? ऑल लिहिल्याचं आठवत नाहीये मला."

आणि मी, मायेनं, आवाज मऊ ठेवून म्हणालो, "होतं गं असं. घाईत लक्षात राहत नाही माणसाच्या."

तिनं मान खाली घातली. मग वर केली आणि केदारला म्हणाली, माझ्याकडूनच झालं असणार.

केदारला जे खोटं सांगितलं ते भित्र्या माणसाचं होतं. तिला जे सांगितलं त्याला मला नाव सापडत नाही. तिला जे आठवत नव्हतं, ते तिनं केलंच नव्हतं म्हणून आठवत नव्हतं. तिची आठवण शाबूत होती. ती खोटी आहे असं मी तिला पटवलं. आणि तिनं ते घेतलं, कारण मी सर होतो.

तिला त्या कामावरून काढलं. काही दिवस ती एका कोपऱ्यातल्या खुर्चीत नुसतीच बसायची, समोर पडदा बंद. मग राजीनामा द्यायला सांगितलं. आरडाओरडा झाला नाही. अशा कंपन्यांत तो होत नाही. कॅन्टीनमध्ये मात्र एक जण म्हणाला, यांना डिग्र्या कशा मिळतात ते आपल्याला माहीतच आहे. दोघे-तिघे हसले. तिचे मार्क माझ्या मुलापेक्षा कितीतरी जास्त होते. मला ते ठाऊक होतं. मी समोरचा चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

पुढे कंपनीनं नवा नियम करायचं ठरवलं आणि तो लिहायचं काम अनुभवी म्हणून मला दिलं. मी लिहिलं — पाळीवर येणाऱ्यानं सगळ्या पॉलिसी चालू आहेत का ते स्वतः पाहूनच खुर्चीत बसावं. माझं कौतुक झालं. मी ते कौतुक घेतलं.

निवृत्त झालो. बायको गेली. मध्ये किती वर्षं गेली, तुम्हीच धरा.

गेल्या वर्षी मार्केट यार्डात रविवारी भाजी घ्यायला गेलो होतो. हमालांच्या वाटेतून बाजूला होत होतो, तर मागून हाक आली. सर. केस थोडे पिकलेले, हातात मेथीच्या जुड्या, पण सुजाताच. वाकून नमस्कार करायला लागली, मी मागे सरकलो. लग्न झालंय, धायरीला राहते, मुलगी बारावीला आहे, वडीलही आता इथेच असतात — सगळं भरभर सांगितलं. नोकरी? एका शाळेच्या ऑफिसात आहे, म्हणाली. प्रवेशाचं वगैरे बघते. कॉम्प्युटरवरचं काम देतात, पण मी नको म्हणते, सर. घरी या एकदा.

मी जायला महिने लावले. जाण्याआधी फोन केला. जरा बोलायचं होतं, असंही म्हणालो — मुद्दाम, म्हणजे मागे फिरता येऊ नये. बसमध्ये सिंहगड रस्ताभर तेच वाक्य घोळवत होतो. शेजारच्या बाईंनी एकदा वळून बघितलं, म्हणजे ओठ हलत असणार.

छोटं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजा हार. वडील कॉटवर बसलेले. मला बघून उठायला लागले. "तुमी आले, बहुत बरं झालं, सर," म्हणाले. "पोरगी नेहमी तुमचं नाव काढत राहते." कशासाठी काढते, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. ते सुजातानंच सांगितलं. पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि मुलीला म्हणाली, "माझी चूक झाली होती ना, तेव्हा सगळे तोंड फिरवून बसले होते. एकटे सर माझ्याशी नीट बोलले."

मी पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बशीच्या कडेला काढत राहिलो.

मुलगी चुणचुणीत. म्हणाली, आजोबा, आईचं काय सांगू, गॅस बंद केलाय का ते बघते, मग खाली उतरते, मग परत वर येऊन बघते, कुलूप ओढते, परत ओढते. आमची बस रोज चुकते. सगळे हसले. सुजाताही हसली आणि म्हणाली, "काय करू, माझ्या हातावर माझाच भरवसा नाही राहिला." अगदी सहज. जशी एखादी बाई सांगते की मला चष्मा लागलाय.

मग मुलीचं निघालं. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. आई नको म्हणते. का नको? सुजाता म्हणाली, माझ्यावर गेली असली तर? एक ओळ चुकते आणि आयुष्यभर निस्तरत बसावं लागतं. "सर, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. वडील, मुलगी, सुजाता. तुम्हीच सांगा — यापेक्षा मोठं दार कुणी कुणासाठी उघडतं का? वाक्य जिभेवर होतं. त्या एका वाक्यानं आईला स्वतःच्या हातावरचा भरवसा परत मिळाला असता आणि मुलीची वाटही मोकळी झाली असती. पण ते बोललो असतो तर त्या घरात माझं नाव ज्या कारणानं निघतं, ते कारण उरलं नसतं. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, घाई करू नका. विचार करून ठरवा.

मुलगी उठून आतल्या खोलीत गेली.

सुजाता मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिनंच घेतली होती. बस येईपर्यंत आम्ही उभे होतो. मग तिनं विचारलं, "सर, फोनवर म्हणाला होतात, काही बोलायचंय. काय होतं?"

"काही नाही गं. सहज आलो होतो."

बस आली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, सावकाश चढा म्हणाली. मी चढलो. त्यानंतर परत गेलो नाही. धायरीची बस आमच्या चौकातूनही मिळते, आणि तिचा फोन नंबरही माझ्याकडे आहे. तिला द्यायचं ते वाक्य तुम्हाला देतोय, हेही मला कळतं. सुजाता, ती ओळ तुझी नव्हती. माझी होती. तुला नीट आठवत होतं.